खुर्ची घ्या, पण मंगळवार सोडू नका

वाचकाचं पत्र : मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या महाविद्यालयात १४ वर्षं ‘प्रारंभिक वाचन-लेखन’ हा विषय शिकवते. त्याआधी काही वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांवर होते. दर मंगळवारी जवळच्या शाळेत वाचनात मागे पडलेल्या मुलांचा तास घेते, माझे प्रशिक्षणार्थीही सोबत असतात. आता मला विभागप्रमुखपदासाठी विचारलं आहे. पुढे अधिष्ठातापदही दूर नाही, असं सुचवलं गेलं. एक मैत्रीण म्हणते, ‘खुर्चीत बसलीस की शिकवणं संपलं समज.’ एक सहकारी म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणालात तर ज्यांना वाचन-शिक्षणाशी काही देणंघेणं नाही तेच येऊन बसतील.’ मला दोघांचंही पटतं. फायलींचा मला कंटाळा आहे, पण अभ्यासक्रमाची दशा पाहून गप्पही बसवत नाही. काय करू? ता. क. पीएच.डी.चे चार विद्यार्थी हाताखाली आहेत, त्यांचं काय?
— खुर्ची की खडू

प्रिय ‘खुर्ची की खडू’,

घ्या. पण होकार कळवण्याआधी एक प्रश्न विचारा, आणि त्याचं धड उत्तर मिळालं नाही तर सरळ नकार द्या. प्रश्न असा : पहिल्या वर्षाचा वाचन-लेखनाचा पेपर कोणी शिकवायचा, हे कोण ठरवतं?

उत्तर ‘विभागप्रमुख’ असं असेल, तर खुर्चीला अर्थ आहे. ‘तसं ते वरून येतं’, ‘सगळे मिळून बघू’, ‘वेळापत्रक समिती बघते’ असं काही ऐकू आलं, तर त्यांना तुमचा अधिकार नको, फक्त तुमची सही हवी आहे, असं समजा. सही करायला कोणीही चालतं. त्यासाठी १४ वर्षांचा अनुभव वाया घालवू नका.

हा प्रश्न मी मुद्दाम निवडला आहे. आपल्या क्षेत्रातलं एक विचित्र दुखणं तुम्हीही पाहिलं असेल. ‘शिक्षणाचं तत्त्वज्ञान’, ‘संशोधन पद्धती’ असे विषय ज्येष्ठांकडे जातात. लहान मुलांना वाचायला शिकवायचं कसं, हा पेपर मात्र सगळ्यांत नव्या, बहुधा तासिका तत्त्वावर आलेल्या माणसाच्या गळ्यात पडतो. मनातला हिशोब असा असतो की, आपल्या सगळ्यांना वाचता येतं, मग त्यात शिकवायचं काय? हा हिशोब कोणी बोलून दाखवत नाही, वेळापत्रकात मात्र तो दरवर्षी स्वच्छ उमटतो. ते वेळापत्रक ज्याच्या हातात असतं तोच खरा अभ्यासक्रम ठरवतो. छापील अभ्यासक्रम फार तर त्याची प्रस्तावना असते.

आता ज्यांनी कधी मुलाचं वाचन जवळ बसून ऐकलेलं नाही, अशा माणसाच्या हाती हे गेलं की काय होतं, ते एका उदाहरणाने सांगते. पुस्तकात घोड्याचं चित्र आहे. खाली ओळ आहे : ‘घोडा धावत सुटला.’ मूल वाचतं, ‘घोडा पळत सुटला.’ प्रशिक्षणार्थी खूश होतो, कारण अर्थ बरोबर आहे. मुलाला ‘वा!’ मिळते आणि निरीक्षणाच्या तक्त्यात बरोबरची खूण पडते. पण मुलाची नजर पहिल्या शब्दावरून चित्रावर गेली आणि तिथून थेट ‘सुटला’वर उतरली. मधला शब्द त्याने वाचलाच नाही. पहिलीत हे खपून जातं. चौथीत चित्रं संपतात, शब्द ओळखीचे राहत नाहीत आणि अंदाज थकतो. मग ‘याचं आकलन कमी आहे’ असा शेरा पडतो. तो मुलगा ‘धावत’ वाचू शकतो का, हे तपासायला चित्रावर तळहात ठेवणं पुरेसं होतं. त्यालाच ‘दोमिका’, ‘झुपल’ असे निरर्थक शब्द वाचायला दिले असते, तर मिनिटभरात सगळं कळलं असतं. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या शेवटी जी उच्चार-चाचणी घेतात, तिच्यातल्या ४० शब्दांपैकी २० असेच बनावट असतात. अर्थाचा टेकू काढून घेतला की अक्षरं खरोखर येतात की नाही ते दिसतं. चाचणी म्हणून तिच्यावर वाद आहेत, पण कल्पना चोख आहे.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. प्रश्न एवढाच आहे की, तो निरीक्षणाचा तक्ता कोण बनवतं? अर्थ जुळला की खूण करायची, की शब्द वाचला तरच करायची? हा निर्णय विभागात होतो, एका कंटाळवाण्या बैठकीत, चहा यायच्या आधी. फायलींचा कंटाळा आहे म्हणालात, मला तो समजतो. पण अशा काही फायलींमध्ये मुलांचं वाचन असतं. त्या कोणत्या, हे ओळखणारं माणूस त्या बैठकीत असावं, म्हणून मी ‘घ्या’ म्हणते.

आपल्या क्षेत्राचा इतिहासही हेच सांगतो. अर्थाच्या अंदाजावर भर द्यायचा की अक्षर-ध्वनीच्या पक्क्या नात्यावर, हा इंग्रजी वाचनातला वाद कित्येक दशकं चालला. वाचनाच्या अभ्यासक जीन चॉल अमेरिका, इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या वर्गांत जाऊन बसल्या, पाठ्यपुस्तकं तपासली, शिक्षकांशी बोलल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लिहिलं की, सुरुवातीला अक्षर-ध्वनीचं नातं पद्धतशीर शिकवणं मुलांच्या जास्त फायद्याचं ठरतं. १९८६ मध्ये गफ आणि टनमर या संशोधकांनी सुटसुटीत मांडणी केली : वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडणं (छापील अक्षरांवरून शब्द वाचता येणं) गुणिले भाषा समजणं. गुणाकार अशासाठी की, एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य. २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने उपलब्ध प्रयोग तपासून ध्वनीची जाण, अक्षर-ध्वनी, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन हे पाच धागे पुढे ठेवले. एवढं सगळं छापून झाल्यावरही अनेक प्रशिक्षण-संस्थांमध्ये वर्षानुवर्षं ‘चित्र बघ, अंदाज कर, पुढे जा’ हेच शिकवलं जात राहिलं. पुरावा होता, ग्रंथालयातही होता. पण कोणाला कोणता पेपर द्यायचा, सरावपाठ कसा जोखायचा हे ठरवणाऱ्या खुर्च्यांपर्यंत तो पोचला नाही. किंवा पोचला आणि तिथे बसलेल्यांना त्यात रस नव्हता.

इथे एक पोटसूचना. इंग्रजीतलं हे भांडण उचलून आपल्या विभागात आणू नका. इंग्रजीचं स्पेलिंग बेभरवशाचं आहे, त्यामुळे तिथले बरेच प्रश्न त्या स्पेलिंगचे आहेत. देवनागरीत चिन्ह आणि उच्चार यांचं नातं बरंचसं सरळ आहे, पण चिन्हांचा पसारा मोठा आहे : स्वरचिन्हं आणि त्यावर जोडाक्षरांचा डोंगर. ‘ि’ लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. आपल्यासारख्या लिप्यांमध्ये अक्षरं पक्की व्हायला पहिलं वर्ष पुरत नाही, त्यापुढची कित्येक वर्षं ते काम चालू राहतं. परदेशातलं तयार ‘पॅकेज’ भाषांतर करून लावू या, असा प्रस्ताव घेऊन कोणी ना कोणी येईलच, सोबत झकपक सादरीकरणही असेल. तेव्हा ‘त्र’ आणि ‘क्ष’ कोणत्या महिन्यात येतात, एवढंच विचारा. बहुतेक सादरीकरणं तिथेच आटोपतात.

आता तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं : खुर्ची मिळाली की शिकवणं संपतं. बहुतेकांचं संपतं, हे खरं. पण ते कोणी बळजबरीने संपवत नाही, एकेका मंगळवारी संपतं. आज तातडीची बैठक, पुढच्या आठवड्यात मूल्यांकन समिती, त्यापुढे सुट्टी. सत्र संपेपर्यंत तास कोणातरी कनिष्ठाकडे गेलेला असतो आणि आपण ‘वेळच मिळत नाही हो’ म्हणायला शिकलेलो असतो.

मेरी क्ले यांचं उदाहरण घ्या. न्यूझीलंडमधल्या या संशोधिकेने शाळेच्या पहिल्या वर्षातल्या १०० मुलांचं दर आठवड्याला निरीक्षण केलं, आणि मूल वाचताना नेमकं काय करतं याच्या नोंदी ठेवायची पद्धत त्यातून उभी राहिली. १९७५ मध्ये त्या ऑकलंड विद्यापीठातल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. पद मोठं झालं तरी काम मुलाशेजारीच राहिलं. मागे पडलेल्या सहा वर्षांच्या मुलांना रोज अर्धा तास एकेकट्याने शिकवण्याचा त्यांचा उपक्रम पुढे अनेक देशांत गेला.

पण गोष्ट इथे संपवली तर ती आरतीच होईल. क्ले यांच्या पद्धतीत अर्थ आणि वाक्यरचनेच्या सुगाव्यांना मोठं स्थान होतं, म्हणजे आपल्या घोड्याच्या अंदाजाला थोडी मोकळीक होती. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका दीर्घकालीन अभ्यासात असं दिसलं की, त्या उपक्रमातली मुलं तिसरी-चौथीत जाईपर्यंत, तशाच पण उपक्रमात नसलेल्या मुलांच्या मागे पडली होती. अभ्यासातून मुलं गळण्याचं प्रमाण मोठं होतं म्हणून त्यावर आक्षेपही घेतले गेले. तरी मला त्यात तुमच्यासाठी एक इशारा दिसतो. उत्तम निरीक्षण करणाऱ्या बाईंचं काम पुढे संस्थांच्या हाती जातं, संस्था त्याची पोथी करतात, आणि पोथी तपासायचं धाडस कोणी करत नाही. तुमचा मंगळवारचा तास हा उद्या विभागाचा ‘पथदर्शी उपक्रम’ होईल, त्याचा फलक लागेल, पाहुणे येतील. तेव्हा त्या तासातली मुलं दोन वर्षांनी काय वाचतात, हे मोजायची सोय पहिल्याच वर्षी करा. आणि मोजणारं माणूस तुम्ही नसावं.

ऑकलंडच्याच व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. मुख्याध्यापकाच्या कामाचे पाच पैलू घेतले आणि कोणत्या पैलूचा मुलांच्या शिकण्याशी किती संबंध दिसतो ते पाहिलं. ध्येयं ठरवणं, साधनं मिळवणं, शिस्त राखणं या सगळ्यांपेक्षा ठळक निघाला तो शिक्षकांच्या शिकण्याला चालना देण्याचा आणि त्यात स्वतः सहभागी होण्याचा पैलू. तिथला परिणामांक (परिणाम किती मोठा, हे सांगणारं माप) ०.८४ इतका, म्हणजे शिक्षणाच्या संशोधनात क्वचितच दिसणारा. हे शाळांबद्दलचं आहे, विद्यापीठाच्या विभागाबद्दल नाही, शिवाय त्या पैलूमागचे अभ्यास थोडे आहेत. पण ‘स्वतः सहभागी’ या भागाकडे बघा. कार्यशाळेचं उद्घाटन करून निघून जाणारे प्रमुख आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. दीपप्रज्वलन, दोन शब्द, ‘मला पुढच्या कार्यक्रमाला जायचं आहे’. शिक्षक हे बघतात आणि त्या कार्यशाळेची किंमत तिथेच ठरवतात. तुम्ही मागच्या बाकावर वही घेऊन बसलात, तर विभागात महिनाभर त्याची चर्चा होईल, थोडी टिंगलही होईल. होऊ द्या.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण शैक्षणिक नेतृत्वाचं इतकं निखळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. सेप्टिमा क्लार्क या अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायनातल्या शिक्षिका. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढच्या जानेवारीत जॉन्स बेटावर प्रौढांसाठी साक्षरता वर्ग सुरू करायचा होता. मतदार-नोंदणीसाठी वाचता येणं सक्तीचं होतं आणि कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवायला तीच अट वापरली जात होती. क्लार्क स्वतः मुरलेल्या शिक्षिका. पण वर्गावर त्यांनी प्रशिक्षित शिक्षक नेमला नाही. बर्निस रॉबिन्सन या केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या बाईंना नेमलं. शिकवण्याचा अनुभव शून्य, शिवाय नात्यातल्या. आज अशी नेमणूक केली तर चौकशी लागेल, आणि लागावीच. पण क्लार्क यांचं गणित वेगळं होतं : लोकांचं ऐकून घेणारं, त्यांना कमी न लेखणारं माणूस हवं. रॉबिन्सन यांनी सोबत आणलेलं प्राथमिक शाळेचं साहित्य बाजूला ठेवलं, कारण मोठ्या माणसांना ते पोरकट होतं. तुम्हाला काय वाचायचं आहे, असं विचारलं आणि तिथून सुरुवात केली : स्वतःचं नाव, मनीऑर्डरचा फॉर्म, मागणीपत्रक आणि मग नोंदणीसाठी लागणारी राज्यघटनेतली कलमं. त्या एका वर्गातून नागरिकत्व-शाळांचं जाळं दक्षिणेतल्या राज्यांत पसरलं.

क्लार्क यांनी तिथे केलेलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे ती निवड. प्रमुख म्हणून तुमच्याही हातात सगळ्यांत धारदार हत्यार तेच असेल. निवड समितीत बसाल तेव्हा प्रकाशनांची यादी वाचून झाली की उमेदवारासमोर एका मुलाच्या वाचनाचं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण लावा आणि विचारा, ‘उद्या या मुलासोबत काय कराल?’ काही जण लगेच सिद्धांत सांगू लागतील. काही म्हणतील, ‘पुन्हा एकदा ऐकू का?’ दुसऱ्या प्रकारची माणसं घ्या.

तुमच्या सहकाऱ्याचा मुद्दा मला तितकासा पटला नाही. ‘तुम्ही नाही तर तो’ ही भीती दाखवून आजवर फार चांगल्या माणसांना नको त्या पदांवर बसवलं गेलं आहे. पद घ्यायचं तर तिथे तुम्हाला काय करायचं आहे त्यासाठी घ्या, कोणाला अडवायला नाही. अडवायला बसलेला माणूस पाच वर्षं दारावर पहारा देतो, त्याची खोली रिकामीच राहते. आणि तो दुसरा उमेदवार खरंच इतका निरुपयोगी आहे का? वाचनात रस नसलेला पण नेटका प्रशासक आणि वाचनाची सूत्रं तुमच्याकडे, अशी वाटणीही काही ठिकाणी छान चालते. वर सांगितलेल्या प्रश्नाचं उत्तर नकारार्थी आलं, तर याच वाटणीचा प्रस्ताव मांडा.

होकार द्यायचा ठरला तर तीन गोष्टी लेखी घ्या, तोंडी नको. मंगळवारचा तास तुमच्या कार्यभारात मोजला जाईल, ‘हौस’ म्हणून नाही. त्या तासाच्या वेळेत विभागाची बैठक लागणार नाही. आणि पदाची मुदत ठरलेली असेल, त्यानंतर अध्यापनाकडे परत येताना वाचन-संशोधनासाठी एक सत्र मोकळं मिळेल. शेवटची मागणी ऐकून समोरचे थोडे चपापतील. मागा तरीही. मुदत संपल्यावर पाच वर्षांपूर्वीच्या टिपणांवर शिकवायला उभं राहणं फार अवघड असतं, आणि त्याच भीतीने पुष्कळ लोक पुढचं पद शोधत राहतात.

सहकाऱ्यांशी नातं बदलेल, त्याला इलाज नाही. काल ज्यांच्यासोबत वरिष्ठांच्या नावाने बोटं मोडलीत, ते उद्या तुमच्या नावाने मोडतील. पहिल्या सहा महिन्यांत फार काही बदलायला जाऊ नका. निरीक्षणाचा तक्ता आणि पहिल्या वर्षाच्या पेपरची वाटणी, एवढ्या दोनच गोष्टींना हात घाला. तो पेपर पहिलं वर्ष स्वतः शिकवा. ज्येष्ठ प्रमुख बाई तो घेतात म्हटल्यावर त्याची पत आपोआप वाढेल, वेगळं भाषण करावं लागणार नाही.

अधिष्ठातापदाचा विचार आत्ता करू नका. ते गाजर आहे असं मी म्हणणार नाही, पण दाखवणाऱ्यांनी ते जरा लवकर दाखवलं. तिथे वाचन हा पंधरा विषयांतला एक असतो, आणि तुमचं बळ एका विषयात खोल उतरण्यात आहे. प्रमुखपदाची एक मुदत पूर्ण करा, मंगळवार शाबूत राहिला का ते बघा. राहिला असेल तर पुन्हा लिहा, तेव्हा बोलू.

ता. क.चं उत्तर : चारपैकी ज्यांचं क्षेत्रकाम सुरू झालं आहे त्यांना तुमच्याकडेच ठेवा, मध्येच मार्गदर्शक बदलणं त्यांना महागात पडेल. ज्यांचा आराखडा अजून मंजूर व्हायचा आहे त्यांना आजच मोकळेपणाने सांगा की, भेट पंधरवड्यातून एकदाच होईल आणि लिखाण त्याच्या चार दिवस आधी हातात हवं. ते चालत नसेल तर दुसरा मार्गदर्शक शोधायला आत्ताच मदत करा. नवे विद्यार्थी मुदत संपेपर्यंत घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी.